लँडिंग गिअरचा बोल्ट नेमका किती आवळायचा

मंडळी, छोट्या विमानाच्या लँडिंग गिअरवर, म्हणजे चाकं आणि त्यांच्या पायांवर, काम करताना टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, ठरवलेल्या आकड्याला ‘टक्’ वाजला की आपण पुढच्या नटाकडे वळतो. त्या ‘टक्’च्या क्षणी जोडात नेमकं काय झालेलं असतं, ते आज पाहू.

नट फिरवायला लागणारा बहुतेक जोर, ढोबळमानाने ९० टक्के, घर्षणातच जातो: काही नटाच्या बुडाशी, काही आट्यांमध्ये. जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायच्या कामी येतो, आणि जोड घट्ट धरून ठेवतो तो हा ताणच. रेंचला यातला फरक कळत नाही, तो एकूण जोर दाखवतो. आट्यांना तेल लागलेलं असेल तर आकडा तोच येतो, पण बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शक परिपत्रकातलं टॉर्कचं कोष्टक स्वच्छ, कोरड्या, कॅडमियमचा मुलामा असलेल्या आट्यांसाठी आहे, ते यामुळेच. विमानाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळायचा.

विमानात वापरला जाणारा ३/८ इंची प्रमाणित एएन-६ बोल्ट घेऊ. पूर्ण उंचीचा नट असेल तर १६० ते १९० इंच-पाउंड, पातळ शिअर नट (फक्त आडवा भार येणाऱ्या बोल्टाचा) असेल तर ९५ ते ११०. हे इंच-पाउंड आहेत. चुकून फूट-पाउंड धरले तर बारापट जोर लागतो आणि बोल्ट हातातच तुटतो.

नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे आपोआप सैल न होणारा) असेल तर आणखी एक बेरीज करावी लागते. नट वॉशरला टेकण्याआधी तो नुसता फिरवायला किती जोर लागतो ते डायलच्या रेंचने मोजा. समजा २० इंच-पाउंड भरले, तर रेंचवर १८० ते २१० हवेत. नट शेवटपर्यंत बोटांनीच फिरत गेला, तर त्यातलं नायलॉन संपलेलं आहे. तो नट टाकून द्या. जागा अडचणीची म्हणून रेंचला सरळ रेषेत पुढे पाना जोडला, तर लांबी वाढते आणि आकडा बदलतो. रेंच १० इंची, जोडलेला पाना २ इंची, बोल्टावर हवेत १८०. तर १८० गुणिले १०, भागिले १२, म्हणजे रेंच १५० वर लावायचा. तो पाना काटकोनात बसवला तर हा हिशेब करावा लागत नाही.

शक्यतो नट फिरवा, बोल्टाचं डोकं धरून ठेवा. डोकं फिरवलं की बोल्टाचा दांडा भोकात घासतो आणि तेवढा जोर वाया जातो.

सगळ्यात फसवी चूक लांबीची असते. बोल्टाचा बिनआट्यांचा भाग जोडाच्या जाडीपेक्षा लांब असेल, तर नट आट्यांच्या टोकाला जाऊन अडतो. रेंच ‘टक्’ वाजतो, आकडा बरोबर येतो, पण पत्रे सुटेच राहतात. वॉशरला बोट लावून बघा. तो हलला तर जोड आवळलेलाच नाही. वॉशर घालून लांबी जुळवता येते, पण तीनपेक्षा जास्त वॉशर लागत असतील तर बोल्टच बदला. उलट बोल्ट आखूड असेल तर आटे भोकात येतात आणि भार आट्यांवर पडतो.

कॅसल नट (वरच्या कडेला खाचा असलेला) असेल तर खालच्या आकड्यापासून सुरुवात करा. नट फिरू नये म्हणून खाचेतून बोल्टाच्या भोकात घालायच्या दुपाखी कॉटर पिनचं भोक जुळलं नाही तर वरच्या आकड्यापर्यंत आवळत जा. तरीही जुळलं नाही तर नट काढून वॉशर बदला. भोक जुळवायला नट मागे फिरवायचा नाही, कधीच नाही. कॉटर पिन दर वेळी नवी.

सिझर लिंकच्या (चाक वळू न देणाऱ्या कात्रीसारख्या दुव्याच्या) बिजागरीसारख्या फिरत्या जोडात हे आकडे आंधळेपणाने लावू नका. तिथे हालचाल मोकळी राहायला हवी. नट मॅन्युअलप्रमाणे बेताने आवळून कॉटर पिन घालायची. बोल्ट स्वतः फिरू शकेल अशा जागी नायलॉक चालत नाही. ब्रेकच्या उष्णतेजवळही तो टाळा: १२१ अंश सेल्सिअसच्या वर नायलॉनचा भरवसा नाही, तिथे पूर्ण धातूचा लॉक नट लागतो.

दोन भागांच्या चाकाचे बोल्ट सैल करण्याआधी टायरमधली सगळी हवा सोडा आणि व्हॉल्व्हची कोर काढा. हवा भरलेली असताना बोल्ट सोडले तर चाकाचे दोन्ही भाग उडून माणूस दगावू शकतो. आवळताना आमनेसामनेचे नट, थोडे थोडे करत, चाकावर लिहिलेल्या आकड्यापर्यंत न्या.

काम झालं की नट, बोल्ट आणि शेजारच्या भागावरून टॉर्क सीलच्या (वाळून कडक होणाऱ्या, नट हलला की तडकणाऱ्या) रंगाची एक रेघ ओढा. पुढच्या तपासणीत ती तुटलेली दिसली तर नुसता पुन्हा आवळून मोकळे होऊ नका. सैल जोडात प्रत्येक उतरण्याचा धक्का बोल्टावरच बसलेला असतो. बोल्ट बाहेर काढा आणि दांड्यावरून नख फिरवा. पायरी लागली, किंवा घासून चकाकलेला पट्टा दिसला, तर बोल्ट बाद. मग भोक मोजा: ते लंबगोल झालं असेल, तर नवा बोल्टही तिथे सैलच बसेल. अशा वेळी आधी मॅन्युअलमधली भोकाची दुरुस्ती, मगच नवा बोल्ट.