डॉकर पीएसची यादी सॉर्ट करायचीय? स्टेटस कॉलम सोडा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय, की दादा, डॉकर पीएसला, म्हणजे चालू कंटेनरची यादी दाखवणाऱ्या कमांडला, सॉर्टचा फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) कुठाय, सापडतच नाही. कंटेनर म्हणजे डॉकर एखादा प्रोग्राम ज्या वेगळ्या डब्यात चालवतं तो. नाहीच आहे तो. शेवटी बनवलेला कंटेनर सगळ्यात वर आणि जुने खाली, एवढाच क्रम डॉकर देतं. बाकीचं पाइप लावून, म्हणजे एका कमांडचं आउटपुट उभ्या रेघेने दुसरीला देऊन, लिनक्सच्या सॉर्ट कमांडकडून करून घ्यायचं.

फॉरमॅटचं, म्हणजे यादीत कुठले कॉलम दाखवायचे त्याचं, पटकन सांगतो, ते तुम्हाला येतच असेल. डॅश डॅश फॉरमॅट, मग सिंगल कोटमध्ये दोन-दोन महिरपी कंस आणि आत डॉट नेम्स. डॉकर गो भाषेत लिहिलंय आणि हे गोचंच टेम्प्लेट आहे, म्हणून पहिलं अक्षर कॅपिटल. नेम्सचा एस विसरलात की एरर. सुरुवातीला टेबल शब्द टाकला की वर हेडिंग येतं, पण सॉर्ट करणार असाल तर टेबल नको, कारण हेडिंगची ओळसुद्धा सॉर्ट होते आणि कुठेतरी मधेच जाऊन बसते.

आता खरा घोळ. स्क्रीनवर बघा, माझ्याकडे तीन कंटेनर चालू आहेत, एक 2 दिवसांपासून, एक 10 तासांपासून, एक 9 मिनिटांपासून. स्टेटस कॉलममध्ये हेच अप 2 दिवस, अप 10 तास असं दिसतं, त्यावर सॉर्ट मारलं तर आधी 10 तास, मग 2 दिवस, मग 9 मिनिटं, कारण सॉर्ट अक्षर बघतं आणि एकचं अक्षर दोनच्या आधी येतं. बऱ्याच जणांनी कमेंटमध्ये लिहिलंय की मग आकड्यांवर लावा, डॅश एन द्या. नुसतं डॅश एन चालत नाही, कारण ओळ अप शब्दाने सुरू होते, म्हणून दुसरा शब्द बघायला डॅश के 2 पण देऊन बघूया. 2 दिवस, 9 मिनिटं, 10 तास. परत चूक! आकडा कळला, पण दिवस कुठला आणि मिनिट कुठलं हे त्याला कोण सांगणार? आणि एखादा कंटेनर तासाभरापूर्वी सुरू झाला असेल तर डॉकर तिथे अबाउट अॅन अवर लिहितं, म्हणजे आकडाच नाही. स्टेटस माणसाने वाचायला आहे हो, सॉर्ट करायला नाही. रनिंगफॉर कॉलमचंही तेच.

मग डॉट क्रिएटेडअॅट, म्हणजे कंटेनर बनवल्याची तारीख-वेळ, घ्या, तो ओळीत पहिला ठेवा, आणि नुसतं पाइप सॉर्ट. त्यात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग वेळ असते, त्यामुळे अक्षरांनी लावलं तरी क्रम बरोबरच येतो. उलटा हवा तर डॅश आर.

पण थांबा, इथेच मी एकदा चांगला तासभर घालवलाय. एका क्लायंटच्या सर्व्हरवर रात्री साडेअकराला काहीतरी सारखं पडत होतं, मी क्रिएटेडअॅटवर उलटी यादी लावून वरचे नवे कंटेनर तपासत बसलो, आणि पडणारा कंटेनर होता सगळ्यात खाली, 5 महिन्यांपूर्वी बनवलेला. स्टेटसमध्ये मात्र अप 4 सेकंद. रिस्टार्ट पॉलिसी ऑलवेज होती, म्हणजे तो मरायचा, डॉकर त्याला परत उठवायचं, आणि बनवल्याची तारीख काही बदलायची नाही. कंटेनर बनला कधी आणि सुरू झाला कधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा डोक्यात पक्कं बसलं.

सुरू झाल्याची वेळ पीएस तारखेच्या रूपात देतच नाही, त्यासाठी इन्स्पेक्ट, म्हणजे कंटेनरची सगळी माहिती दाखवणारी कमांड, लागते. डॉकर इन्स्पेक्ट, डॅश डॅश फॉरमॅट, त्यात डॉट स्टेट डॉट स्टार्टेडअॅट, एक स्पेस, मग डॉट नेम, हो, इथे एकवचन, आणि शेवटी डॉलर चिन्ह लावून साध्या कंसात डॉकर पीएस डॅश क्यू, म्हणजे चालू असलेल्या सगळ्यांचे आयडी आपोआप जातात. मग पाइप सॉर्ट. सगळ्यात खालचा कंटेनर म्हणजे शेवटी सुरू झालेला, आपला संशयित तोच. नावाआधी स्लॅश दिसेल, तो असतोच. आणि सर्व्हरचं घड्याळ चुकलंय अशी कमेंट कृपया करू नका, ती वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आहे, भारतातली हवी तर साडेपाच तास मिळवा.

इमेजेस, म्हणजे ज्यांच्यापासून कंटेनर बनतात ते साचे, साइजवर लावायच्या असतील तर डॉकर इमेजेसला फॉरमॅटमध्ये डॉट साइज पहिला द्या आणि सॉर्ट डॅश एच मारा, त्याला एमबी-जीबीतला फरक कळतो.

आणि रोज एवढं टाइप करायचा कंटाळा येत असेल तर होम फोल्डरमधल्या डॉट डॉकर फोल्डरच्या आत कॉन्फिग डॉट जेसन ही सेटिंगची फाइल आहे, त्यात पीएसफॉरमॅट या नावाने आपला फॉरमॅट टाकून ठेवा. सॉर्ट करताना मात्र फॉरमॅट हाताने द्या, कारण तिथे टेबल लिहिलेलं असेल तर ते हेडिंग परत मधे घुसेल.