पाळणा पुढं गेला, निरोप मागं राहिला

श्रोतेहो, नमस्कार.

गड्डा यात्रा उरकली. होम मैदानावरचे पाळणे उतरले, पण यात्रेतून घरोघरी आलेल्या पिपाण्या अजून थांबलेल्या नाहीत. आमच्या शेजारच्या नातवानं बॅटरीवर भुंकणारं कुत्रं आणलंय, ते पहाटे पाचला सुरू होतं. असो. आज मला बोलायचंय ते लहान मुलांच्या वस्तूंबद्दल. विकून झालेली वस्तू धोक्याची निघाली म्हणून कंपनी ती परत बोलावते, त्याला रिकॉल म्हणतात. मोटारींच्या रिकॉलची बातमी आपण पेपरात वाचतो. पाळणे, बाबागाड्या, खेळणी हीसुद्धा अशीच परत बोलावली जातात.

पण आधी आमच्या घरातली गोष्ट सांगते. घरचे म्हणतात, हिला एवढी एकच गोष्ट येते. येऊ दे.

२०१६ च्या दिवाळीला माझा भाचा अमेरिकेहून आला. बरोबर बायको आणि अडीच महिन्यांचं बाळ. बाळासाठी त्यांनी तिकडचा पाळणा आणला होता. घडीची खुर्ची असते बघा, तसा पाईपचा सांगाडा, त्यात कापडाची खोळ. बाळ त्यात आडवं झोपायचं नाही, तिरकं झोपायचं. डोकं वर, पाय खाली. पायानं जरा ढकललं की डुलायचा. गल्लीतल्या बायका बाळ बघायला म्हणून यायच्या आणि पाळणाच बघत बसायच्या. परत जाताना सामानाचं वजन वाढलं, तेव्हा भाचा म्हणाला, "मामी, हा राहू दे इथंच. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

आपल्याकडं वस्तू पडून राहते होय? त्याच वर्षी बार्शीला जाऊबाईंच्या लेकीला मुलगी झाली. पाळणा बार्शीला. देताना एक पाय जरा लुळा वाटत होता, म्हणून आमच्या यांनी त्याला निळी टेप गुंडाळून दिली. यांच्याकडं त्या टेपशिवाय दुसरा इलाज नाही. घरातला मिक्सर, छत्री, चष्म्याची काडी, सगळं निळं आहे.

मग २०१९ चा एप्रिल. सोलापूरचा एप्रिल, म्हणजे आणखी काही सांगायला नको. पाण्याचा दिवस होता, मी पहाटे नळाला पाईप लावत होते आणि भाच्याचा फोन. म्हटलं, कोण गेलं? तो म्हणाला, "मामी, तो पाळणा कुठंय?"

त्याला कंपनीची मेल आली होती. पाळणा वापरणं ताबडतोब बंद करा. त्या तऱ्हेचे ४७ लाख पाळणे कंपनीनं परत बोलावले होते. ४७ लाख म्हणजे किती? २०११ च्या जनगणनेत आपल्या अख्ख्या सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाख होती. आणि परत का बोलावले? दहा वर्षांत त्या पाळण्यांत ३० पेक्षा जास्त बाळं दगावली होती.

कारण साधं आहे, नीट ऐका. तान्ह्या बाळाची मान धरलेली नसते. तिरकं झोपवलं की डोकं पुढं कलतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. नाहीतर बाळ कूस बदलतं, तोंड कापडात जातं आणि त्याला मान उचलता येत नाही. रडण्याचा आवाजसुद्धा होत नाही. म्हणून बाळ झोपवायचं ते सपाट जागेवर, घट्ट गादीवर, पाठीवर. पुन्हा सांगते: सपाट, घट्ट, पाठीवर. आपली साडीची झोळी मला फार प्रिय, माझी दोन्ही मुलं झोळीत वाढली. पण आता झोळीतलं बाळ डोळ्यांसमोर असेल तरच मला चैन पडतं.

तर मी बार्शीला फोन लावला. लेक म्हणाली, "काकू, तो मी नणंदेला दिला, मोहोळला." मोहोळची नणंद म्हणाली, "आमचा पिंट्या त्यात मावेना, मंगळवेढ्याला मावसजावेकडं पाठवला." मंगळवेढ्याला फोन कुणी उचलेना. दुपारी उचलला तर तिथल्या आजी ज्वारी निवडत होत्या. त्यांनी आधी माझ्या माहेरचं गाव विचारलं, मग आडनाव, मग कुठलंसं नातं जुळवलं आणि त्यानंतर म्हणाल्या, "ते व्हय? ते अक्कलकोटला गेलं की! तिथं दोन महिन्याचं लेकरू हाय."

दोन महिन्यांचं. मी यांना म्हटलं, उठा. पुढची एसटी धरली. तासभराचा रस्ता, पण त्या दिवशी गाडी प्रत्येक फाट्याला थांबत होती असं मला वाटलं.

अक्कलकोटच्या त्या घरात पोचलो तेव्हा गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि आजीबाई दारात कांदा कापत होत्या. मी पाळण्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "अमेरिकेचा? छे हो. आमचा इथलाच." आत जाऊन बघते, तर पाळण्यावर सोलापुरी चादरीची खोळ! जुनी खोळ विटली म्हणून आजीबाईंनी चादर कापून टिच्चून नवी शिवली होती. शिलाई इतकी देखणी की मी क्षणभर विसरलेच मी का आले ते. आणि कंपनीचं लेबल? ते जुन्या खोळीला होतं. जुनी खोळ फरशी पुसायला गेली. नाव नाही, नंबर नाही, तारीख नाही. हा तोच पाळणा कशावरून?

तेवढ्यात आमचे हे खाली वाकले आणि म्हणाले, "ही माझी टेप."

पायाला निळी टेप होती, अडीच वर्षं टिकलेली. आणि वर बाळ झोपलेलं होतं. हनुवटी छातीला टेकलेली, कपाळावर घाम. मी विचारलं नाही, सवरलं नाही, उचललंच त्याला. ते जे टाहो फोडून रडलं! आजीबाई हातातल्या विळीसकट आत आल्या. "अहो, तासभर हलवून झोपवलं होतं! लेकराला काय झालंय? गुटगुटीत हाय की!" मी सांगत होते अमेरिका, सांगत होते ४७ लाख, त्या ऐकेनात. चूक त्यांची नव्हती. मेल भाच्याला आली होती. बार्शीला आली नव्हती, मोहोळला नव्हती, अक्कलकोटला तर नव्हतीच. पाळणा चार घरं पुढं गेला होता आणि निरोप पहिल्याच घरी बसून होता.

आणि श्रोतेहो, हे आमच्याच घरात झालं असं नाही. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेत त्याच पाळण्यांसाठी पुन्हा एकदा सूचना काढावी लागली. तोपर्यंत मृत्यूंचा आकडा शंभराच्या आसपास गेला होता आणि त्यातली किमान ८ बाळं पहिल्या रिकॉलनंतर गेली होती. म्हणजे परत बोलावल्यानंतरही पाळणे घराघरांत डुलत होते.

आता आपल्याकडचं थोडक्यात सांगते, वेळ फार गेला. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची आहे. खुणेखाली 'सीएम/एल' असा लायसन्स नंबर असतो, तो फोनवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. धोक्याची वस्तू बाजारातून परत बोलवायला लावण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे, २०१९ च्या कायद्यानं. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाईन १९१५. एकोणीसशे पंधरा. पुन्हा एकदा, एकोणीसशे पंधरा.

आणि वस्तू घरात आली की पहिल्या दिवशी तिच्या लेबलचा फोटो काढा. बाळाचे तर आपण दिवसाला चाळीस काढतो, त्यात एक लेबलचा. वस्तू पुढं दिली की फोटोही पुढं पाठवा, आणि कुणाला दिली ते कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. लेबल टोचतं म्हणून कापलंच तर डब्यात ठेवा.

भुंकणाऱ्या कुत्र्याच्या पोटातलं झाकणही एकदा बघा, स्क्रूनं बंद आहे ना. त्यातली बटणाएवढी बॅटरी मुलानं गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तसं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आणि बोरन्हाणात तान्ह्यांच्या डोक्यावर अख्खी बोरं, शेंगदाणे, गोळ्या ओतणं मला अजिबात पटत नाही. चुरमुरे टाका, हौस तेवढीच होते. वॉकरबद्दल तर मी बोलायला लागले की थांबत नाही. कॅनडानं २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली, आणि आपल्याकडं तो बारशाला आहेर म्हणून येतो. आपला लाकडी पांगुळगाडा काय वाईट होता? पोरगं स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलायचं तरी.

हां, पाळण्याचं राहिलंच. अक्कलकोटच्या आजीबाईंनी शेवटी सुनेच्या सांगण्यावरून पाळणा दिला, पण खोळ काढून घेतली. म्हणाल्या, "चादर माझी हाय." सांगाडा आम्ही एसटीच्या टपावर टाकून आणला. दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून यांनी तो करवतीनं कापला. आता ते पाईप आमच्या गच्चीवर कारल्याच्या वेलाला आधार देतात. सांधे अर्थातच निळ्या टेपचे. ते बाळ आता शाळेत जातं. मागच्या वर्षी आजीबरोबर आलं होतं, तेव्हा आजीबाईंनी वेलाकडं बोट दाखवून त्याला सांगितलं, "ह्या बघ, तुझा पाळणा मोडला त्या आज्जी." आणि जाताना दोन किलो कारली घेऊन गेल्या.

नमस्कार.