चालतंय तोवर चालू दे?

(कोल्हापुरातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आत येताना नोंदवहीत सही केली आणि शेजारच्या मॉनिटरवर नजर गेली. हिरवीगार टेकडी, वर निळं आभाळ, चार ढग. विंडोज एक्सपी! म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या विंडोजची जुनी आवृत्ती. ग्रंथपालताई ओशाळून म्हणाल्या, "सर, त्याच्याकडं बघू नका, त्याच्यात फक्त पुस्तकांची जुनी सूची आहे." म्हटलं, बघू नका कसं, आजचं सगळं बोलणं त्याच्यावरच आहे.

त्या टेकडीचा फोटो चार्ल्स ओरिअर नावाच्या छायाचित्रकारानं 1996 साली कॅलिफोर्नियात काढला होता. मला मात्र कितीतरी वर्षं ते श्रावणातलं मसाई पठारच वाटायचं. पन्हाळ्याच्या बाजूचे पाच-सहाजण तरी मला असे भेटलेत, ज्यांना तसंच वाटायचं.

माझं उद्यमनगरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वीसेक वर्षांत सर्वात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "जरा विंडोज मारून द्या." आणि त्याच्या बरोबर उलट दुसरं, "काय वाट्टेल ते करा, पण विंडोज बदलू नका." पहिलं म्हणणारा निवांत असतो. दुसरं म्हणणाऱ्याच्या आवाजात भीती असते. आज मी त्या दुसऱ्या माणसाविषयी बोलणार आहे. त्याला अडाणी, कंजूष, मागासलेला म्हणायची पद्धत आहे. मीही म्हणायचो. एकदा चांगली अद्दल घडल्यावर बंद केलं. ते पुढं सांगतो.

आधी तारखा. एक्सपी 2001 साली आलं, त्याचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला. पुढच्या विंडोज सेव्हनचा 14 जानेवारी 2020 ला. टेनचा 14 ऑक्टोबर 2025 ला, आणि गंमत म्हणजे टेन आलं तेव्हा, 2015 मध्ये, विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीच्याच एका माणसानं ही विंडोजची शेवटची आवृत्ती असं सांगून टाकलं होतं. पैसे भरून किंवा कंपनीचं खातं जोडून टेनवाल्यांना आणखी एक वर्ष मिळतंय, ते 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत.

सपोर्ट संपला म्हणजे काय? लोकांना वाटतं, त्या दिवशी रात्री बारा वाजता मशीन बंद पडणार. काही होत नाही. सकाळी तसंच चालू होतं आणि मग गिऱ्हाईक मला फोन करून म्हणतं, "काय हो, उगाच घाबरवलात." होतं ते असं. या सिस्टीमच्या भिंतीत भोकं असतात, कुणाच्याही असतात. कंपनी दर महिन्याला ती बुजवत असते. सपोर्ट संपला की बुजवणं थांबतं. पण खरी गोम पुढं आहे. टेन आणि त्याच्यानंतरचं इलेव्हन यांचा बराच पाया एकच आहे. इलेव्हनमधलं भोक बुजवलं की चोर ती डागडुजी उलगडून बघतो. नव्या घराला गिलावा कुठं केला ते बघायचं आणि जुन्या घराच्या त्याच कोपऱ्यात पहार घालायची. म्हणजे शेजाऱ्याच्या दुरुस्तीतून आपल्या घराचा पत्ता चोराला मिळतो.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग झालंच की, बदलून टाका. थांबा.

शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत मला बोलावलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भट्टीत लोखंड पातळ झालं की ओतण्याआधी त्याचा छोटा नमुना काढतात, तो थंड करून घासून स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्राखाली ठेवतात. ठिणगी पडते, आणि थोड्याच वेळात स्क्रीनवर कार्बन किती, सिलिकॉन किती, मँगनीज, गंधक, फॉस्फरस किती ते येतं. तोवर भट्टी धातू घेऊन खोळंबलेली, वीज जळतेय, माणसं उभी आहेत. आकडे आले की मग ठरतं, आणखी काय टाकायचं ते. त्या यंत्राला जोडलेला सीपीयू एक्सपीवर. यंत्राचं सॉफ्टवेअर एक्सपीसाठीच लिहिलेलं, केबल जुन्या सिरीयल पोर्टची. नव्या विंडोजसाठी त्या मॉडेलचं सॉफ्टवेअर निघालेलंच नाही. विक्रेत्याचं म्हणणं, नवं यंत्र घ्या. मालक मला म्हणाले, "माझं यंत्र धडधाकट आहे. कॉम्प्युटर म्हातारा झाला म्हणून यंत्र भंगारात घालू काय?"

मालकांचं बरोबर होतं. त्या दिवशी मी तिथं विंडोज बदललं नाही. नेटवर्कची वायर काढली, मागचं भोक टेपनं बंद केलं. यूएसबीचे पोर्ट बायोसमधून, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्राममधून, बंद केले. हार्ड डिस्कची हुबेहूब नक्कल करून दोन डिस्क कपाटात ठेवल्या, एक फौंड्रीत, एक मालकांच्या घरी. त्याच जातीचा जुना मदरबोर्ड लक्ष्मीपुरीतल्या भंगारवाल्याकडून शोधून आणला. या जुन्या बोर्डांचं मरण व्हायरसनं कमी आणि फुगलेल्या कॅपॅसिटरनं, म्हणजे बोर्डावरच्या छोट्या नळकांड्यांनी, जास्त येतं. डोक्यावर टेंगूळ आलं की समजायचं, दिवस भरले. आणि बोर्डावरची ती चपटी बटणासारखी बॅटरी बदलली. ती मेली की मशीन सुरू करताना तारीख मागं वीस वर्षं जाते, आणि कास्टिंगच्या तपासणी अहवालावर 2002 साल छापून येतं. बॅटरीची किंमत एका मिसळीपेक्षा कमी असते.

आपल्या गावाला हे शिकवायची गरज नाही. बाबुराव पेंटरांनी ज्या गावात स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला, त्या गावात भाग मिळत नाही म्हणून यंत्र टाकून देणं हा अपमानच आहे. पण याच स्वभावाची दुसरी बाजूही आहे, ती नंतर.

आता माझी अद्दल. जुन्या गावभागात एक प्रेसवाले काका. छपाईचे खिळे जुळवण्यापासून सुरुवात केलेले. पुढं कॉम्प्युटरवर पानं जुळवायचं डीटीपी आलं, एक्सपीवर पेजमेकर हा त्याचा प्रोग्राम, मराठी फाँटांचं पॅकेज, त्याचं डोंगल, म्हणजे मागं खोचल्याशिवाय पॅकेज चालत नाही अशी किल्ली. मी तेव्हा उत्साही. म्हटलं काका, जग कुठं गेलं, तुम्ही कुठं! एका रविवारी दुकान बंद ठेवून त्यांचं मशीन नवं केलं, नवा बोर्ड, सेव्हन टाकलं. सगळ्या फाइली आधी जपून कॉपी केल्या होत्या, मी काही वेडा नाही. सोमवारी लग्नसराई. पत्रिका छापायच्या. काकांनी फाइल उघडली. स्क्रीनवर "चि. सौ. कां."च्या जागी डॉलरची खूण, कंस, उलटे स्वल्पविराम, इंग्रजी अक्षरांचा भुगा. फाँटचं डोंगल प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टाला लागणारं, आणि नव्या बोर्डाला तो पोर्टच नाही. काका ओरडले नाहीत. स्क्रीनकडं बोट दाखवून म्हणाले, "खिळ्यांच्या केसमधून कुणी रविवारी अक्षरं पळवून नेत नव्हतं."

जुना बोर्ड परत बसवला तेव्हा दुपारचे चार वाजले होते.

घोटाळा काय झाला ते नीट सांगतो, कारण मराठी टाइप करणाऱ्या प्रत्येकाचा हा प्रश्न आहे. त्या काळच्या फाँटांत फाइलीच्या पोटात मराठी नसतंच. पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फाँट फक्त वरून मराठीचं सोंग चढवतो. फाँट गेला की सोंग उतरतं. युनिकोड या सगळीकडं चालणाऱ्या पद्धतीत तसं नसतं, तिथं क म्हणजे क च. मग जुनं मॅटर युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर आले. ते बरेच शहाणे आहेत, पण अडखळतात कुठं बघा. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, जशी दिसते तशी. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. रफाराचं उलटं, जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. ही अदलाबदल चुकली की वेलांटी शेजाऱ्याच्या डोक्यावर. आणि तो आपला खास मराठी आडवा ऱ्या! काकांच्या एका निमंत्रणपत्रिकेत "आचार्यांचा सत्कार" होता, कन्व्हर्टरनं "आचाऱ्यांचा सत्कार" केला. प्रूफ वाचताना सापडलं म्हणून निभावलं. नाहीतर व्यासपीठावर महाराज आणि पत्रिकेत स्वयंपाकी.

तेव्हा मला कळलं की काका एक्सपीला धरून बसले नव्हते. एक्सपीत त्यांची पंधरा वर्षांची कमाई कोंडली होती. मी कुलूप बदलायला गेलो आणि आत कोण आहे ते विचारलंच नाही. पुढं आम्ही रीतसर केलं. जुनं मशीन कोपऱ्यात तसंच, इंटरनेटशिवाय. नवं काम नव्या मशीनवर, युनिकोडमध्ये. जुन्यातलं जे पुन्हा मागायला येतं तेवढंच एकेक करून बाहेर काढायचं, प्रूफ वाचून. तीन-चार महिने गेले. मग एक दिवस काका स्वतःच म्हणाले, कोपऱ्यातल्या टेबलावर आता कागदाचे रिम ठेवूया.

म्हणून आता कुणी "विंडोज बदलू नका" म्हटलं की मी एकच विचारतो, कशासाठी? फौंड्रीवाल्यांनी यंत्राकडं बोट दाखवलं, काकांनी डोंगलकडं. बोट दाखवता आलं तर मी ऐकतो.

पण बऱ्याचदा बोट दाखवता येत नाही. मार्केट यार्डात गुळाचे एक व्यापारी. सेव्हनवर. कशासाठी, तर "हाताला सवय आहे." बरं, त्या मशीनवर करता काय? बँकेचे व्यवहार, जीएसटीचं रिटर्न, मुलाच्या ॲडमिशनचे फॉर्म! म्हणजे ज्या मशीनची भिंत कोणी बुजवत नाही त्याच्यात तिजोरी. सेव्हनसाठी क्रोमची शेवटची आवृत्ती 109, फेब्रुवारी 2023 मध्ये 110 आलं तेव्हापासून सेव्हन बाहेर. एक्सपीचं तर त्याहून वाईट. त्यातलं इंटरनेट एक्सप्लोरर सुरक्षित बोलण्याची जुनी भाषाच बोलतं, आणि बँकांच्या साइट आता ती भाषा ऐकूनच घेत नाहीत. मग व्यापारी म्हणतो, बँकेची साइट खराब आहे. हीच ती दुसरी बाजू. "चालतंय की" म्हणायची आपल्याला इतकी हौस की काय चालतंय ते बघायचं राहून जातं.

नवं घेतलं की झोप लागेल, असंही कुणी समजू नये. 12 मे 2017 ला वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, दीडशेच्या आसपास देशांत, दोन लाखांहून जास्त मशीन. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या. सगळे म्हणाले, एक्सपीवाल्यांमुळं. नंतर मोजलं तर बहुतेक मशीन सेव्हनची निघाली, आणि सेव्हनला तेव्हा सपोर्ट होता! त्या भोकाचं ठिगळ 14 मार्चलाच आलेलं होतं. दोन महिने लोकांनी "नंतर आठवण करा" दाबलं. हे बटण मी किती टेबलांवर बघतो, विचारू नका. माझ्या घरीही बघतो.

आणि वायर काढली म्हणजे किल्ला बंद झाला, असंही नाही. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला आणि घरी येऊन बघितलं तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले, हा अनुभव इथं किती जणांना आहे? बघा, अर्धी सभा. इराणच्या अणुप्रकल्पात शिरलेला स्टक्सनेट, 2010 मध्ये उघडकीला आला, तो पेनड्राइव्हवरूनही पसरायचा. म्हणून फौंड्रीत वायरीबरोबर यूएसबीचे पोर्टही बंद केले होते.

इलेव्हनविषयी थोडक्यात, कारण विचारणार तुम्ही. त्याला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. माझ्याकडं एक बाई रडकुंडीला येऊन आल्या, दुकानदारानं सांगितलं होतं लॅपटॉप बदला. लॅपटॉप दहाव्या पिढीचा! टीपीएम बायोसमध्ये नुसतं बंद होतं. दोन मिनिटांचं काम. जुन्या मशीनवर जुगाड करून इलेव्हन टाकणारेही आहेत. टाका, पण उद्या मोठं अपडेट येऊन अडेल तेव्हा माझ्यावर रागावू नका. इलेव्हनच्या 24एच2 आवृत्तीनं कोअर टू ड्युओ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरवाल्यांना दारातच थांबवलं. अशा मशीनला मी एसएसडी ही वेगवान डिस्क टाकतो आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टीम. फुकट आहे, पत्र लिहायला, मेल बघायला, मुलांच्या अभ्यासाला पुरतं. टॅली आणि जुने मराठी फाँट लागत असतील तर मात्र माझ्या नादाला लागू नका.

एक विषयांतर, पण कोल्हापुरात बोलतोय म्हणून. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शाहूपुरीतले किती सीपीयू पाण्यात गेले! टेबलाखाली जमिनीवर ठेवलेले. लोक चिखलानं भरलेली डिस्क घेऊन यायचे, आणि त्यातल्या काहींनी ती आधी घरी लावून बघितलेली असायची. ओली डिस्क कधीही चालू करू नका. 2021 ला पुन्हा पाणी आलं तेव्हा निम्म्यांचे सीपीयू परत जमिनीवरच. सिस्टीम जुनी की नवी, पंचगंगा विचारत नाही.

आता ग्रंथपालताईंचा प्रश्न मघापासून हात वर करून थांबलाय. त्यांच्या एक्सपीचं काय करायचं? ताई, सूची कशात आहे? फॉक्सप्रो या नोंदी ठेवायच्या जुन्या प्रोग्राममध्ये? छान. त्याची डीबीएफ फाइल, म्हणजे नोंदींची फाइल, लिब्रेऑफिस या फुकटच्या ऑफिस प्रोग्राममध्ये सरळ उघडते, सूची बाहेर येईल. पण पुस्तकांची नावं जुन्या फाँटात असणार, म्हणजे पहिल्या वेलांट्या उलट्या येतील आणि आडव्या ऱ्यांची गाठ पडेल. मशीन आज बदलायचं नाही. आज फक्त डिस्कची नक्कल करायची. कन्व्हर्टर मी बसवून देतो, पण प्रूफ इथल्या वाचकांनी वाचायचं, रोज एक कपाट.

चहा येईपर्यंत मी काउंटरवर जातो. कुणाकडं फुलीचा स्क्रू ड्रायव्हर आहे का?