दानपेटीच्या अलीकडे

पहिली घंटा व्हायला अजून अवकाश आहे. व्हरांडा झाडणाऱ्या या बाई एका कॅथलिक शाळेच्या सफाई कर्मचारी आहेत आणि त्यांच्यामागून बादली घेऊन येणारी मुलगी नववीत शिकते. तिला ही शिक्षा झालेली नाही. आज तिच्या वर्गाची पाळी आहे. पोचा पिळून फरशीचा कोपरा कसा पुसायचा, हे बाई वाकून दाखवत आहेत, म्हणजे तूर्त शिक्षिका त्याच आहेत.

कॅथलिक ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीचा आधुनिक काळातील आरंभच मुळी श्रमाच्या प्रश्नातून झाला. कारखानदारीने कामगारांची दैना केली होती, तेव्हा पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले. खासगी मालमत्तेचा हक्क त्यांनी मान्य केला आणि कामगारांच्या संघटनांनाही पाठिंबा दिला. परंतु त्यातील सर्वांत टोकदार प्रतिपादन वेतनाविषयी आहे. मजुराने नाइलाजाने कमी वेतन कबूल केले, तरी तेवढ्याने मालकाची सुटका होत नाही, कारण काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह वेतनातून व्हायलाच हवा, हे न्यायाचे बंधन कोणत्याही करारापेक्षा वरचे आहे. पुढे १९८१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी ‘लाबोरेम एक्सर्सेन्स’ या परिपत्रकात स्पष्ट केले की काम माणसासाठी असते, माणूस कामासाठी नसतो.

तेव्हा गरिबांसाठी दानपेटी फिरवणाऱ्या शाळेने आधी आपले पगारपत्रक उघडावे. सफाईचे काम कंत्राटदाराकडे दिले की वेतनाचा प्रश्न शाळेच्या हिशेबातून जातो (आणि ते सोयीचेही असते), पण जबाबदारी जात नाही. या शाळेने कंत्राट बंद करून कर्मचाऱ्यांना स्वतःच्या सेवेत घेतले. त्यापायी सभागृहाची दुरुस्ती लांबली आणि काही पालक नाराज झाले.

आता नववीचा वर्ग. फळ्यावर सफाईच्या पाळ्या लिहिल्या आहेत, एक ओळ पुसून पुन्हा लिहिलेली दिसते. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला धुळीचे काम नको, पण त्याला वगळायचेही नाही, यावर वाद चालू आहे. अखेर साहित्याची नोंद त्याच्याकडे येते. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका बसल्या आहेत आणि त्या मध्ये पडत नाहीत. लहान समूहाला जे स्वतः करता येते, ते वरच्या संस्थेने त्याच्याकडून काढून घेणे हा अन्याय आहे, असे पोप अकरावे पायस यांनी १९३१ मध्ये मांडले. पूरकतेचे हे तत्त्व राज्यकारभाराच्या चर्चेत नेहमी येते, पण ते एका इयत्तेच्या वेळापत्रकालाही तितकेच लागू पडते.

शाळेच्या व्यवस्थापन समितीत मात्र सफाई कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी अद्याप नाही. तसा ठराव विद्यार्थ्यांनी लिहून दिला असून तो समितीच्या पुढील बैठकीत चर्चेला येणार आहे.