लेहला गेल्यावर सरावाचं काय?

(दृश्य : लेह विमानतळ, सकाळ. पाठीवर सॅक, पायात धावण्याचे बूट.)

काल रात्री ही धावणारी मंडळी पुण्यात होती, समुद्रसपाटीपासून जेमतेम ५६० मीटरवर. आज सकाळी ती ३,५०० मीटरवर उतरली आहेत. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं. म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच माथ्याच्या दुपटीहून जास्त उंची, तीही बसल्या जागी. यातल्या काहींना सप्टेंबरच्या लडाख मॅरेथॉनमध्ये धावायचंय, काही नुसते फिरायला आलेत. पण जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन सगळ्यांच्याच डोक्यात आहे, आणि वेळापत्रकात उद्या पहाटेचे दहा किलोमीटर लिहिलेले आहेत.

ते दहा किलोमीटर उद्या धावायचे नाहीत. परवाही नाहीत.

इथल्या हवेतही ऑक्सिजन पुण्याइतकाच, सुमारे २१ टक्के. घटतो तो हवेचा दाब. लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या मानाने साधारण ६५ टक्के उरतो, त्यामुळे दर श्वासागणिक छातीत जाणारा ऑक्सिजनही त्याच हिशेबाने कमी होतो. श्वास आणि नाडी लगेच वाढतात. लघवी जास्त होते, रक्तातलं पाणी कमी होतं. काही तासांतच मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त सुटू लागतं आणि अस्थिमज्जेला नव्या तांबड्या पेशी बनवण्याचा निरोप जातो. पण त्या पेशींनी रक्तात ठळक फरक पडायला तीन-चार आठवडे लागतात. दहा दिवसांच्या रजेत तो पडत नाही. ‘उंचावर जाऊन आलो की स्टॅमिना वाढतो’ असं ग्रुपवर कुणी म्हणालं, तर हा हिशेब त्यांना जरूर सांगा.

(दृश्य : गेस्टहाऊसची गच्ची. बोटाला ऑक्सिमीटर.)

बोट गार असेल तर हे यंत्र भलताच आकडा दाखवतं. म्हणून आधी तळहात चोळायचे, मग आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. घरी ९८ दाखवणारा ऑक्सिमीटर इथे पहिल्या दिवशी नव्वदीच्या खाली दिसला, तर तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. आकड्यापेक्षा माणसाकडे बघावं. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नकोसं झालंय, तर त्या दिवशी सराव नाही आणि आणखी वर जाणंही नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकला सुटला, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट बघू नका. लगेच रुग्णालय गाठा, खाली उतरा. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचण्याची ती लक्षणं असतात आणि त्यात तरणीताठी, तंदुरुस्त माणसंही दगावतात. मॅरेथॉन पळणाऱ्याला उंची बाधत नाही, हा समज साफ खोटा आहे. उलट अंगात रग असलेला माणूसच पहिल्या दिवशी घाई करतो.

लडाखी घरांतल्या आमा-ले, म्हणजे आई, पाहुण्याला आल्याआल्या चहा देतात आणि पडून राहायला सांगतात. पहिले दोन दिवस त्यांचंच ऐकावं. बाजारापर्यंत रमतगमत चालणं, भरपूर पाणी, वेळेवर जेवण. दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद. रात्री झोपेत श्वास मध्येच थांबल्यासारखा होऊन दचकून जाग येते; या उंचीवर ते बऱ्याच जणांना होतं.

(दृश्य : सिंधूकाठचा रस्ता, लेहजवळच्या ठिकसे गावाच्या दिशेने. सकाळी उशिरा.)

तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं हलकं असेल, रात्रीची झोप बरी झाली असेल, तर बूट घाला. उजाडण्याआधी मात्र निघू नका. लेहमध्ये पहाटे भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या फिरतात आणि थंडीही कडक असते. रस्ता सपाट निवडा, आणि घड्याळातला पेस (किलोमीटरला लागणारा वेळ) दिसणार नाही अशी सोय करा. पुण्यात सहजपणे साडेसहा मिनिटांत किलोमीटर पळणारी मुलगी इथे आठ मिनिटांवर आली, तरी तिचं हृदय तेवढंच किंवा जास्तच काम करत असतं. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, एवढी एकच कसोटी. नाही आलं, तर चाला. चालण्यात कमीपणा वाटणाऱ्यांची आम्हाला खरंच काळजी वाटते.

१९६८ चं मेक्सिको ऑलिंपिक २,२४० मीटरवर झालं. लेहपेक्षा बाराशे मीटर खाली. १०,००० मीटर शर्यतीचा विश्वविक्रम तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कच्या नावावर होता. तो सहावा आला आणि रेषा ओलांडताच कोसळला. त्याला ऑक्सिजन द्यावा लागला. जिंकला तो केनियाचा नफ्ताली टेमू, डोंगराळ मुलखात वाढलेला. त्याच मैदानावर बॉब बीमनने ८.९० मीटर लांब उडी मारली, कारण विरळ हवा काही सेकंदांच्या जोराला अडवत नाही, लांबच्या दमाला अडवते.

यातूनच सरावाची एक युक्ती मिळते. इथे टेम्पो रन (बराच वेळ एकसलग जोरात पळणं), लांबलचक इंटर्व्हल (मध्ये विश्रांती घेत जोरात पळायचे टप्पे) यांच्या वाटेला जाऊ नका. इझी रनच्या, म्हणजे आरामात पळण्याच्या, शेवटी पंधरा-वीस सेकंदांची वेगवान धाव घ्या, मग श्वास पूर्ण जागेवर येईपर्यंत चाला आणि पुन्हा धावा. असं चार-पाच वेळा केलं तरी पुरे. पायांची चपळाई टिकते आणि छातीवर ताण येत नाही. आठवड्याचं अंतर निम्म्यावर आलं तरी चालेल. महिनोन् महिने घाम गाळून कमावलेला दमसास दहा दिवसांत वाहून जात नाही.

नामवंत धावपटूंचा सरावही फार उंचावर होत नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात असताना सियाचिनमध्ये राहिला. पण २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं (अडथळ्यांच्या शर्यतीचं) रौप्य जिंकण्याआधी त्याने सराव केला तो अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये, सुमारे १,८०० मीटरवर. धावपटूंच्या सरावासाठी प्रसिद्ध असलेलं केनियातलं इटेन गाव आहे २,४०० मीटरवर. लेहच्या उंचीवर पाय थकण्याआधीच श्वास संपतो आणि जोराचा सराव जोराचा राहत नाही.

(दृश्य : खार्दुंग ला, प्रार्थनेच्या पताका, लष्करी ट्रक.)

खार्दुंग ला, ५,३५९ मीटर. हवेचा दाब जवळपास निम्मा. लडाख मॅरेथॉनमधली ७२ किलोमीटरची शर्यत ही खिंड ओलांडून लेहला उतरते, आणि त्यासाठी स्पर्धक बरेच दिवस आधी येऊन राहतात. फिरायला आलेल्याने गाडीने वर जावं, थोडं थांबावं, मुक्कामाला लेहमध्येच परतावं.

एक गोष्ट निघण्याच्या दोन महिने आधीची. रक्त तपासा, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) दोन्ही. लोह नसेल तर अस्थिमज्जेला कितीही निरोप गेले तरी पेशी बनणार कशाच्या? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. धावणाऱ्या बायकांनी तर ही तपासणी चुकवूच नये. उंचीचा त्रास टाळण्यासाठीची डायमॉक्सची गोळी घ्यायची का, हेही त्याच भेटीत डॉक्टरांना विचारून घ्या.

पुण्यात परतल्यावर पहिले दोन-तीन दिवस हलकंच पळा. प्रवासाचा शीण असतो, दमट हवेची सवय मोडलेली असते. चौथ्या दिवशी टेम्पो करून बघा, आणि रविवारी नेहमीचा लाँग रन.