‘चक्कर येते’ म्हणजे नेमके काय होते?

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

कान-नाक-घशाचा डॉक्टर बोलायला उभा राहिला की सभागृहातील लोक नकळत घसा खाकरतात, असा माझा जुना अनुभव आहे. आत्ताही पहिल्या दोन रांगांनी मला निराश केलेले नाही. निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘चक्कर : निदान आणि उपचार’ असा छापला आहे. त्याकडे मी येणारच आहे, परंतु त्याआधी एक तक्रार मांडतो.

माझी तक्रार ‘चक्कर’ या शब्दाविषयीच आहे. आपल्या भाषेत गरगरणे आहे, भोवळ आहे, घेरी आहे, झीट आहे, डोळ्यांपुढे अंधारी येणे आहे आणि झोक जाणेही आहे. घर फिरणे वेगळे आणि अंधारी येणे वेगळे, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. परंतु दवाखान्याची पायरी चढताच ही सारी संपत्ती बाहेर चपलांपाशी ठेवून आपण आत जातो आणि ‘चक्कर येते’ एवढेच सांगतो. डॉक्टरही तेवढेच कागदावर उतरवतो आणि मानेचा एक्स-रे लिहून देतो. पन्नाशीनंतर मानेच्या मणक्यांची थोडीफार झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसतेच. मग ती झीज गुन्हेगार ठरते आणि गळ्यात पट्टा येतो. हे मी इतरांवर ढकलत नाही. उमेदवारीच्या काळात असे पट्टे मीही पुष्कळ लिहून दिले आहेत.

एका निवृत्त शिक्षिकाबाईंची हकिकत सांगतो. वय सत्तरीच्या पुढे, गळ्यात पट्टा, हातात गोळ्यांची पिशवी, आणि तीन महिने त्या आरामखुर्चीत बसूनच झोपत होत्या. मी विचारले, ‘‘बाई, चक्कर येते म्हणजे काय होते?’’ बाईंनी माझ्याकडे गृहपाठ न केलेल्या मुलाकडे पाहावे तसे पाहिले. ‘‘अहो डॉक्टर, चक्कर म्हणजे चक्कर! त्यात काय होणार?’’ मी म्हटले, ‘‘चक्कर हा शब्द न वापरता सांगा.’’ निबंधाला अशी अट घातली की शिक्षक खुलतो. बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘उजव्या कुशीवर वळले की पंखा, भिंत, सगळे घर गरगर फिरते. मी घट्ट डोळे मिटते आणि मनात आकडे मोजते. तीसपर्यंत गेले की थांबते. वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली, तरी तेच.’’

श्रोतेहो, निदान त्यांनीच केले होते. मला फक्त ते पडताळायचे होते. त्यांना टेबलावर बसवले, मान पंचेचाळीस अंश उजवीकडे वळवली आणि डोके टेबलाच्या कडेखाली किंचित झुकेल अशा बेताने त्यांना झटकन आडवे केले. चार-पाच सेकंद काहीच झाले नाही. मग बुबुळे झटके देत गोल फिरू लागली, बाईंनी माझी बाही मुठीत धरली आणि ओरडल्या, ‘‘हेच ते!’’ अर्ध्या मिनिटात डोळे स्थिरावले. पुढचा उपचार त्याच टेबलावर पाचेक मिनिटांत झाला. नंतर तीच परीक्षा पुन्हा केली, तेव्हा डोळे शांत होते. बाईंनी पट्टा सोडला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि विचारले, ‘‘मग तीन महिने हा दागिना मी कशासाठी घातला?’’ त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हते.

रुग्णाची कुरकूर ऐकण्याचे फळ किती मोठे असते, यासाठी व्हिएन्नाचे कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांचे उदाहरण आठवते. ते पिचकारीने रुग्णांचे कान धूत. एक जण म्हणाला, पाणी पुरेसे कोमट नसले तरच मला गरगरते. पुढच्या वेळी पाणी फारच कढत आले, तेव्हाही तो ओरडला. परंतु या खेपेस त्याचे डोळे नेमके उलट दिशेने हलत होते. या निरीक्षणातून कानाच्या तोलयंत्रणेची परीक्षा जन्माला आली. बारानी यांना 1914 चे नोबेल मिळाले, आणि ती बातमी त्यांना रशियातील युद्धकैद्यांच्या छावणीत कळली. त्यांच्या सुटकेची कथाही रंजक आहे, पण अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘आठ मिनिटे’ असे त्यावर लिहिले आहे, म्हणजे विषयाला आता सुरुवात केली पाहिजे.

बाईंना झालेला विकार असा. आतल्या कानातील एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण चिकटलेले असतात. ते सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की मान हलताच तेथील द्रव ढवळतो, आणि डोके स्थिर झाले तरी मेंदूला ते फिरत असल्याची खोटी खबर जाते. मी सांगितलेली परीक्षा डिक्स आणि हॉलपाइक यांनी 1952 मध्ये मांडली. डोके ठरावीक क्रमाने वळवून ते कण पुन्हा पिशवीत लोटायचे, ही जॉन एप्ली यांची पद्धत 1992 मध्ये प्रसिद्ध झाली. दहापैकी सुमारे आठ जणांना एक-दोन वेळांतच गुण येतो. विकार उलटू शकतो. उलटला तर तेच पुन्हा करायचे. गोळ्यांनी कण जागेवर जात नाहीत, आणि चक्कर दाबणारी प्रोक्लोरपेराझीनसारखी गोळी महिनोन्महिने चालू राहिली तर वृद्धांना कंपवातासारखी लक्षणे जडू शकतात.

गरगरणे तासन्‌तास टिकत असेल, सोबत कानात आवाज आणि बहिरेपणा असेल, तर मेनिएर यांनी 1861 मध्ये वर्णिलेल्या आजाराचा विचार करावा लागतो. उठताक्षणी अंधारी येत असेल, तर आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजावा. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला, तर रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्या तपासाव्यात.

आणि चकरेबरोबर बोलणे अडखळले, एकाचे दोन दिसू लागले, तोंड वाकडे झाले, एका बाजूची शक्ती गेली किंवा आधाराशिवाय उभेच राहता येईना, तर माझ्याकडे येऊ नका. तो पक्षाघात असू शकतो. जेथे मेंदूचे स्कॅन होते अशा रुग्णालयात त्याच क्षणी जा.

दुसरी चिठ्ठी आली. प्रात्यक्षिकासाठी मागवलेली सतरंजी तशीच राहिली. ज्यांना घर फिरताना दिसते त्यांनी कार्यक्रमानंतर थांबावे. कोणत्या कुशीवर फिरते, तेवढे मात्र आठवून ठेवावे.