चिमणीने दार उघडलं

(दृश्य: तिसरी-चौथीचा वर्ग. एका मुलाच्या डोक्यावर कावळ्याचा मुखवटा, एका मुलीच्या डोक्यावर चिमणीचा.)

शेणाचं घर पावसात वाहून गेलेला कावळा आणि मेणाच्या घरातली चिमणी. ही गोष्ट बहुतेक मराठी मुलांच्या कानांवरून आधीच गेलेली असते. वाक्यात क्रियापद कोणाप्रमाणे बदलतं, हे शिकवणाऱ्या वर्गातल्या नाटुकल्यासाठी ती घेतली, तर कथानक समजावण्यात वेळ जात नाही, सगळं लक्ष वाक्यावर राहतं.

सुरुवात वर्तमानकाळाने. 'कावळा खिडकी उघडतो. चिमणी दरवाजा उघडते.' क्रियापद पक्ष्याच्या मागे चाललंय.

आता दोघांच्या गळ्यात 'ने' लिहिलेली पाटी येते. कृती तीच, काळ भूतकाळ. 'कावळ्याने खिडकी उघडली. चिमणीने दरवाजा उघडला.' क्रियापदाने पक्ष्याला सोडलं आणि वस्तूचा हात धरला! मग वस्तू बदलत राहायच्या: दार उघडलं, खिडक्या उघडल्या.

इथे एक गफलत हमखास होते. 'कावळ्याने दरवाजा उघडला' या वाक्यात दोघंही पुल्लिंगी, त्यामुळे 'उघडला' कोणामुळे आलं ते मुलांना कळायला मार्गच नाही. पहिल्या पाच-सहा वाक्यांत तरी कर्ता आणि कर्म वेगळ्या लिंगांचे हवेत.

(दृश्य: दुसरी पाटी, तिच्यावर 'ला'.)

'चिमणीने कावळ्याला हाकललं.' पात्रांची अदलाबदल करा: 'कावळ्याने चिमणीला हाकललं.' दोघांच्याही गळ्यात पाटी, म्हणून क्रियापद कोणाचंच ऐकत नाही. क्रियापद कर्त्यामागे चाललं तर कर्तरी प्रयोग, कर्मामागे तर कर्मणी, कोणाच्याच मागे नाही तर भावे: ही नावं सांगायची ती आता. आधी सांगितली, तर मुलं नुसती घोकतात.

'नामराव', 'क्रियापदराजा' अशी पात्रं मात्र टाळावीत. मुलांना राजाचा मुकुट आठवतो, क्रियापद बदलताना दिसत नाही. पात्राने वाक्यात काम केलं पाहिजे.

एखादं चौकस मूल विचारतंच: 'चिमणी पाणी प्यायली', इथला 'ने' कुठे गेला? प्रश्न अगदी रास्त आहे. पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे या क्रियापदांचा वेगळा तक्ता भिंतीवर लावावा.

शेवटी मुखवटे उतरवायचे. 'मी' आणि 'तू' यांना 'ने' लागलेला दिसत नाही, तरी क्रियापद वस्तूकडेच वळतं. मराठी फक्त घरात ऐकणारी मुलं नेमकी इथे चुकतात आणि 'मी खिडकी उघडलो' म्हणतात. म्हणून प्रत्येकाने स्वतः उठून वर्गाची खिडकी उघडायची आणि मोठ्याने सांगायचं: 'मी खिडकी उघडली.'